ओळख कोण देणार

अक्काची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, नजर गेल्यापासून पोथी मी वाचते आणि ती ऐकते. ती दूरच्या गावी वृद्धाश्रमात असते. सकाळी दिवा लावला की मी एक पान फोनवर रेकॉर्ड करून पाठवते. तिथल्या संगणकावर ते ऐकल्याशिवाय अक्का तोंडात घास घालत नाही. तिचा नेम ऐकण्याचा, माझा वाचण्याचा.

पूर्वी हे निरोप एका मोठ्या कंपनीमार्फत जात. रोज त्याच वेळी, तेवढ्याच लांबीचा निरोप. त्यांच्या यंत्राला मीच यंत्र वाटले आणि खातं बंद झालं. दाद मागायला माणूस सापडेना. तेव्हा धाकट्या दिरांनी जुना संगणक स्वयंपाकघरातल्या फळीवर, पिठाच्या डब्याशेजारी बसवला. हाच आपला सर्व्हर, म्हणाले. निरोप आपल्याच घरातून निघतील, कुणी बंद करायला नको.

"वहिनी, आता ह्यालाही रोज एक फूल वाहा."

"फूल राहू द्या भावोजी, आधी धूळ पुसा."

निरोप निघाले खरे. पण वृद्धाश्रमातून मेट्रनबाईंचा फोन आला, अक्का सकाळपासून उपाशी बसल्यात, चहासुद्धा घेईनात. निरोप पोचलाच नव्हता.

त्या दिवशी मी फोनवरूनच वाचलं. मेट्रनबाईंनी रिसीव्हर तिच्या कानाशी धरला. पण तिथे सगळ्यांना मिळून एकच फोन, तो रोज पानभर अडवून ठेवणं बरं दिसेना. वृद्धाश्रमाचाही स्वतःचा सर्व्हर होता, बाहेरचे निरोप त्याच्यातूनच आत जात. तो सांभाळणाऱ्या गृहस्थांचा नंबर मी मागून घेतला. बोलायला सौम्य, पण नियमाचे पक्के. अनोळखी घरगुती सर्व्हरचे निरोप ते आत येऊ देत नसत. लोक हौसेने मांडतात, मग त्याकडे बघत नाहीत, आणि तिथून नको त्या, फसव्या निरोपांचा कचरा यायला लागतो, म्हणाले. कुणी ओळख दिली तरच दार उघडेल.

"मला ओळखणारी माणसं तुमच्याच दाराआड आहेत," मी म्हटलं.

ते हसले. नियम मात्र हलला नाही.

मग सर्व्हरकडे बघायचं म्हणजे नक्की काय करायचं, ते मी त्यांनाच विचारून घेतलं. नव्या दुरुस्त्या वेळच्या वेळी चढवायच्या, विनाकारण उघड्या राहिलेल्या वाटा बंद करायच्या, सगळ्याची प्रत वेगळी ठेवायची. दिव्यानंतर तेही माझ्या नेमात बसलं. दीर म्हणाले, कंटाळाल लवकरच.

अक्काला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती म्हणेल सोड हा नाद. तिने मेट्रनबाईंना त्या गृहस्थांचाच फोन जोडून द्यायला लावला.

"इथे मी राहते," ती त्यांना म्हणाली. "माझ्याकडे कोणी यायचं ते मी सांगायचं की तुम्ही? ती माझी बहीण आहे. मी ओळख देते. मला डुलकी लागली तरी वाचायची थांबत नाही, अशी आहे ती."

दार उघडलं. कचरा आला तर पुन्हा लावेन, असं त्यांनी मला बजावलं. रास्तच होतं.

दुसऱ्या सकाळी पान पोचलं. त्याच्या पुढच्या सकाळी आमची वीज गेली आणि सर्व्हर मुका झाला. कंपनीचं असं कधी झालं नव्हतं, हे कबूल. मी मेट्रनबाईंना फोन लावला.

अक्का म्हणाली, "त्यांचं दार उघडं, तर आता तुझंच घर बंद?"

"भावोजींना बॅटरी आणायला पिटाळलंय. तुझा चहा ठेवायला सांग. मी वाचते."