होडीतली उशी

"झोपलेला चालणार नाही," चर्च कमिटीचे सेक्रेटरी म्हणाले. मंडळीत त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना हजेरीमास्तर म्हणतात, कारण उपासनेला कोण आलं नाही हे त्यांना पाळकांच्याही आधी कळतं. "लोक इथे गाऱ्हाणी घेऊन येणार आणि समोर प्रभू येशू घोरतोय?"

"घोरत नाहीये. तोंड मिटलेलं आहे," मी शिडीवरूनच म्हणाले.

सभागृहाची ती भिंत कमिटीनेच मला दिली होती. बायबलमधली वादळातली होडी काढा, म्हणाले होते. मी काढली. लाटा होडीच्या वर चढलेल्या, शिष्यांचे चेहरे पांढरेफटक, आणि मागच्या टोकाला फळ्यांवर आडवा झालेला प्रभू, गाढ झोपेत. एक शिष्य त्याचा खांदा धरून त्याला गदागदा हलवतोय. त्या शिष्याचे हात माझे आहेत. बोटांवरचे रंगाचे डागसुद्धा मी तसेच ठेवलेत.

त्यांना हवा होता जागा होऊन वादळ शमवणारा, उभा प्रभू, हात उंचावलेला, भोवती शांत पाणी. पण माझ्या घरातलं वादळ कुठे शमलं होतं? सात महिन्यांपूर्वी नवऱ्याचं उजवं अंग गेलं, वाचा गेली. गॅरेजात त्याला रेडिओ म्हणायचे, इतका बोलायचा. किती वेळा वैतागून म्हटलं असेल मी, जरा गप्प बस रे. आता गप्प आहे. मी रोज प्रार्थना करते. गुडघ्यांना घट्टे पडायची वेळ आली, पण वरून हूं की चूं नाही. मग उभा प्रभू मी आणायचा कुठून? मला जसा दिसला तसा काढला.

"उद्या उपासनेनंतर लोकांना दाखवायचंय हे," हजेरीमास्तर म्हणाले. "संध्याकाळपर्यंत डोळे उघडा, नाहीतर मी चुना मारून घेतो." आणि खरंच चुन्याची बादली आणून त्यांनी दारात ठेवली. प्रवचन सुरू झालं की पाचव्या मिनिटाला ज्यांची मान छातीवर पडते, त्यांना झोपेचं एवढं वावडं!

सोबत आलेले पाळकसाहेब स्वभावाने मवाळ. "तेवढे डोळे उघडाच ताई," ते म्हणाले. "वाद नको." दोघंही निघून गेले.

बरं बाबा, उघडते. मी कोळशाने डोळे उघडून पाहिले. ते थेट हजेरीमास्तरांचे वाटले. पुसले. दुसऱ्यांदा उघडले तर दचकल्यासारखे. तिसऱ्यांदा नुसतेच उघडे, कोणाकडेच न बघणारे. हे तर झोपेपेक्षा वाईट. हातातलं फडकं भिंतीवर फेकून मारलं आणि शिडीच्या पायरीवर बसून रडले. रागाने रडले, भक्तीबिक्ती काही नव्हती त्यात.

दुपारी सासूबाई डबा घेऊन आल्या, नवऱ्याची चाकाची खुर्ची ढकलत. त्याला घरी एकटं ठेवता येत नाही. कमरेवर हात ठेवून त्यांनी भिंत नीट पाहिली.

"उशी कुठाय?" त्यांनी विचारलं.

"कसली उशी?"

"अगं, त्याच्या डोक्याखालची. उशी घेऊन झोपला होता तो."

"आई, इथे होडी बुडतेय आणि तुम्हाला उशीचं पडलंय?"

"मला कशाला? ज्याने शुभवर्तमान लिहिलं त्याला पडलं होतं. होडी बुडत असतानाही त्याने उशी लिहिली. तू गाळलीस."

पिशवीतून बायबल काढून, भिंग लावून त्यांनी ती ओळ माझ्यासमोर धरली. उशी होती. हा उतारा मला लहानपणापासून तोंडपाठ आहे. तरीही मी त्याचं डोकं उघड्या फळीवर टाकलं होतं.

"एवढा राग?"

"हो, एवढा."

"असू दे राग. मलाही येतो," सासूबाई म्हणाल्या. "पण मान अवघडेल ना गं त्याची."

खुर्चीत नवऱ्याची मान एका बाजूला कलली होती. दर थोड्या वेळाने ती तशी कलते. मी उतरले, त्याचं डोकं उचललं, निळ्या पट्ट्यांची उशी सरळ केली आणि डोकं परत टेकवलं. दिवसातून वीसदा करते मी हे. त्याच्यावर चिडलेली असले, देवावर चिडलेली असले, तरी करते. त्याने डोळे मिटले आणि तो झोपला.

मी त्या उशीकडे बघत राहिले. मग शिडीवर चढले. आधी कोळशाचे डोळे पुसून पापण्या होत्या तशा मिटवल्या. मग फळीवर उशी रंगवली: तेच निळे पट्टे, कोपऱ्यावरचा चहाचा डाग, उसवलेल्या शिवणीवर सासूबाईंनी घातलेले पांढरे टाके.

संध्याकाळी हजेरीमास्तर आले. "डोळे मिटलेलेच आहेत," ते म्हणाले.

"हो. माझ्याने नाही उघडत. भिंत तुमची, चुना तुमचा, मारा. फक्त आधी त्याच्या डोक्याखालची उशी काढून घ्या."

त्यांनी भिंतीवरची उशी पाहिली. मग खुर्चीत अजून झोपलेल्या नवऱ्याच्या डोक्याखालची पाहिली.  शेवटी दाराशी गेले, बादली उचलली आणि बाहेर घेऊन गेले.

माझा राग गेला नव्हता. भिंतीजवळ जाऊन मी त्याला तसं सांगितलंही. पण हळू आवाजात, कारण तो झोपला होता.