हळदीवर पालथं पडलेलं चित्र

हसू नका मित्रांनो. मी एक जुनं उलथनं आहे, तव्यावरची भाकरी उलटायचं, आणि हल्ली मी चित्रं काढतो. म्हणजे काढते रेश्मा. पण तिच्या हातात ब्रश नसतो, मी असतो. एवढी फुशारकी मला मारू द्या, कारण मधली काही वर्षं मी फार वाईट काढली आहेत.

माझा जन्म रहिमतपूरच्या बाजाराबाहेर, एका घिसाड्याच्या पालापुढे झाला. ट्रकच्या मोडक्या पाट्याचा तुकडा त्याने तापवला, त्याच्या बायकोने वर घण घातले आणि मी चपटा झालो. शालूबाईंनी मला उचललं, अंगठ्याने धार चाचपली आणि म्हणाल्या, "जरा जड हाय, पर टिकंल." टिकलो की! वीस-बावीस वर्षं त्यांच्या चुलीपुढे राबलो. त्यांचा थोरला कृष्णात फौजेत निघाला, त्या दिवशीचे धपाटेही मीच उलटले. शालूबाईंना उजव्या कोपऱ्याने तवा खरवडायची सवय, त्यामुळे मी एका बाजूला झिजून तिरका झालो. शेजारणींना त्या सांगायच्या, "माझं उलथनं माझ्या हाताचं हाय, दुसऱ्याचं ऐकायचं न्हाई." मला ऊर असता तर भरून आला असता.

मग गॅस आला आणि न चिकटणारा काळा तवा आला. माझ्या लोखंडाने त्याला ओरखडे पडतात म्हणे! नाजूक लेकाचा! माझी रवानगी शेडात, गंजक्या खिळ्यांच्या डब्यात झाली. तिथे कुणी हाक मारत नाही की शिवी देत नाही. खरं सांगतो, शिवी तरी बरी.

कृष्णातचं लग्न झालं, रेश्मा घरात आली. एकदा शेडाच्या दाराला रंग द्यायचा म्हणून जुने पोपडे काढायला तिने मला शोधून काढलं. खरवडता खरवडता ती थांबलीच. निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली तांबडा, आणि माझ्या तिरक्या कोपऱ्याने मधून एक रेघ उमटली होती, इकडे जाड आणि तिकडे केसाएवढी. दार रंगवायचं राहिलं. अर्धा तास ती त्या रेघेकडे बघत उकिडवी बसली होती.

तेव्हापासून तिला हे वेड लागलं. चित्रकला तिला कुणी शिकवली नव्हती. घर रंगवून उरलेले डबे तिचे रंग, आणि कापडाऐवजी वाढदिवसाचे जुने फ्लेक्स. गावात वाढदिवसांना काय तोटा! उतरवलेले फ्लेक्स तिचा दीर ऋषिराज आणून द्यायचा. एका बाजूला हात जोडलेले कुणीतरी दादा, आणि मागच्या पांढऱ्या बाजूला रेश्माचे रंग. ती रंग ओतायची, मी पसरायचो. वाळला की वर दुसरा, मग खरवडून खालचा वर काढायचा. झाड नाही, माणूस नाही, बैलजोडी नाही. नुसते रंग.

शालूबाई दारात उभ्या राहून विचारायच्या, "काय काढलंस गं हे?"

"काय न्हाई, आत्ती. बघा नुसतं."

"आगं बया, काय न्हाई काढायला एवढा रंग लागतो व्हय!" आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. रेश्माही हसायची, पण मग माझ्यावरची तिची मूठ जरा सैल पडायची. मला ते कळायचं.

यंदा माघात सांगलीला नव्या चित्रकारांचं प्रदर्शन ठरलं. रेश्माने मोबाइलवरून फोटो पाठवले आणि तिचं एक चित्र निवडलं गेलं! रविवारी दहाच्या आत ते तिथे पोचायला हवं होतं. तिचं चित्र पहिल्यांदाच चार लोकांसमोर लागणार होतं. कृष्णात फोनवर म्हणाला, "मला रजा न्हाई गावायची, पर तू जाच." शनिवारी सकाळी मात्र तिला राहवेना. तांबड्याचा एक हात कमी वाटतो म्हणून तिने अजून एक जाड थर दिला, चित्र शेडातल्या बाजेवर वाळत ठेवलं आणि चौकटीच्या पट्ट्या आणायला ऋषिराजबरोबर सुताराकडे गेली.

दुपारी अवचित आभाळ आलं. अंगणात शिजवलेली हळद वाळत पसरली होती. ती भिजली तर वर्षाची मेहनत पाण्यात. घरात शालूबाई एकट्या. ताडपत्री अर्ध्याच हळदीला पुरली. उरलेल्या हळदीसाठी त्या शेडात धावल्या आणि बाजेवरचा फ्लेक्स ओढून घेऊन गेल्या. असले चार-पाच तिथे पडलेलेच असायचे. सांगलीला जायचा तो हाच, हे त्यांना कुठलं माहीत! हळदीवर टाकताना मात्र त्या घुटमळल्या. दादांचा फोटो खाली जात होता.

"जित्या माणसाचं त्वांड मातीत कसं घालावं बाई," असं पुटपुटत त्यांनी दादांना वर केलं, चित्र पालथं घातलं आणि कडेला दगड ठेवले. हाताचा रंग पदराला पुसला. मी बाजेखालून, शेडाच्या उघड्या दारातून सगळं बघत होतो. ओरडायला तोंड कुठून आणू?

पाऊस चार थेंब टाकून निघून गेला. रेश्मा पट्ट्या घेऊन आली तर बाज रिकामी, आणि अंगणात दादा हात जोडून हसतायत. तिने फ्लेक्स उलटला. ओल्या तांबड्यात शंभरभर हळकुंडं रुतून बसली होती. ती रडली नाही, चिडली नाही. तिथेच मातीत बसली.

"जाऊ द्या आत्ती. हळद वाचिवली, बरं केलंसा. न्हाई तरी ते काय न्हाईच हुतं."

शालूबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. रोज हसून आपणच म्हणत होतो ते, पण सुनेच्या तोंडून ते त्यांच्या काळजाला लागलं. "काय न्हाई कसं? ऊठ! माझं उलथनं कुठाय?"

किती वर्षांनी हाक आली, मित्रांनो! तोच अंगठा, तीच मूठ. "चिकटलेली भाकर वडायची नसती. कडंकडंनं सोडवायची," म्हणत त्या एकेक हळकुंड अलगद सुटं करू लागल्या. ऊन कलेपर्यंत दोघी वाकलेल्या होत्या. सगळं पूर्वीसारखं झालं असं मुळीच नाही. तांबड्यात खळगे राहिले, खळग्यांत पिवळी पूड बसली, आणि एका कोपऱ्यातला रंग सोलूनच निघाला.

"हितं पांढरं पडलं. भरू का?" रेश्माने सासूला पहिल्यांदाच असं काही विचारलं.

शालूबाईंनी डोळे बारीक केले. बराच वेळ बघितलं. "नगं. तिथं कसं गप्प वाटतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने दोघी सांगलीला गेल्या. मी पिशवीत होतो. दहाच्या आत चित्र भिंतीवर चढलं. थोड्या वेळाने एक चष्मेवाले गृहस्थ त्याच्यापुढे थांबले. "हे नक्की काय काढलंय?"

रेश्मा सांगायला पुढे झाली. तिच्याआधी शालूबाईच बोलल्या. पदरावरचा तांबडा डाग अजून तसाच होता.

"काय न्हाई. बघा नुसतं."

आणि त्या स्वतःही त्यांच्या शेजारी उभ्या राहून बघू लागल्या.

आता मी शेडात रंगांच्या डब्यांशेजारी खिळ्याला टांगलेला असतो. काम झालं की शालूबाई मला पुसून ठेवतात. मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी कोपऱ्यात बसून, तुम्हाला न कळणारं काही करत असेल. हसायच्या आधी, बाजूला सारायच्या आधी, ते एकदा उलटून बघा. मला जन्मभर तेवढंच काम आलं. भाकरीचीसुद्धा भाजलेली बाजू खालीच असते.