बाल्कनीतल्या खुणा

युद्ध सुरू झालं आणि इमारतीतल्या माणसांना एकमेकांच्या खिडक्या पाठ झाल्या. कोणाच्या काचेवरचा काळा कागद सुटलाय, कोणाकडे पाहुणा उतरलाय, कोण फोनवर फार हळू बोलतं, सगळ्यांचं सगळ्यांकडे लक्ष! पूर्वी याला आपण नसत्या चौकश्या म्हणायचो. आता दक्षता म्हणू लागलो.

दुसऱ्या मजल्यावर हॉकीच्या एका व्यावसायिक संघाचा गोलकीपर राहत होता. लढाईतही सामने थांबले नव्हते. लोकांना धीर येतो म्हणून वरूनच तसा आदेश होता. दिवे लावायला बंदी, म्हणून खेळ भर दुपारी. मैदानाच्या एका अंगाला प्रेक्षक आणि दुसऱ्या अंगाच्या खोल्यांत जखमी सैनिकांच्या खाटा. तो घरी आला की त्याच्या पॅडच्या बॅगेला जंतुनाशकाचा वास येई. त्याची बायको ती बॅग दाराबाहेरच ठेवी, बाळापासून लांब.

ती काही जात्या भित्री नव्हती. पण मूल झालं आणि तिचे कान सतत टवकारलेले राहू लागले. "पोरगं रडायच्या आधी तूच रडतेस," असं सासूबाई म्हणत.

समोरच्या घरात संघातलाच एक खेळाडू राहत होता, पेनल्टी कॉर्नरवर गोल मारणारा. त्याच्या बायकोचं माहेर सीमेपलीकडचं. लग्न होऊन ती आली तेव्हा कोणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता तिला सगळे 'पल्याडची' म्हणू लागले. आधी कुजबुजत, मग जिन्यात तिला ऐकू जाईल असं.

संघ बाहेरगावी गेला होता, त्या आठवड्यातली गोष्ट. गोलकीपरची बायको बाळाच्या तापाचं औषध आणायला खालच्या दुकानात गेली. औषधवाल्या काकांचा मुलगा सीमेवर होता आणि बरेच दिवस त्याचा फोन नव्हता. काकांची दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले.

"वहिनी, समोरच्या घरापासून जपून असा," बाटली पुढे सरकवत ते म्हणाले. "ती बाई बाल्कनीतून खुणा करते. मी इथून रोज बघतो. मूठ डोक्यावर ठेवते, मग कान ओढते, मग कठड्यावर दोन बोटं आपटते. पोरीलाही करायला लावते! पलीकडे कोणीतरी बघत असणारच की."

बाटली पिशवीत टाकता टाकता ती थांबली.

त्या खुणा तिला तोंडपाठ होत्या. मूठ डोक्यावर म्हणजे सरळ फटका. कान ओढला की चेंडू डावीकडे. दोन बोटं म्हणजे मारायचं नाही, बाजूच्याला द्यायचा. पेनल्टी कॉर्नरच्या वेळी संघ एकमेकांना करायचा त्याच खुणा! समोरचा खेळाडू संघाच्या बसमध्ये चढताना त्याची बायको आणि मुलगी बाल्कनीतून त्याला खुणांनीच विचारत, 'आज कुठला?' आणि तो खालून तसंच उत्तर द्यायचा. रस्त्यात रचलेल्या वाळूच्या पोत्यांमुळे बस हल्ली कोपऱ्यापलीकडे थांबे. ती वरून दिसे, पण दुकानातून दिसत नसे. दिसायची फक्त बाल्कनी.

"रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग आहे," काका म्हणाले. "तिचं नाव द्यायचं ठरलं की सोसायटीचे सेक्रेटरी पोलीस चौकीवर कळवणार."

चौकीची गाडी ज्यांना घेऊन गेली होती, त्यांची घरं अजून बंदच होती. ती बाटली घेऊन पायऱ्या चढली.

फोनवर नवरा ऐकताच ओरडला, "तू मध्ये पडू नकोस हं! त्या खुणा बाहेर फुटल्या तर संघ मला दारात उभं करणार नाही. आणि तुला कशा ठाऊक, म्हणून उद्या आपल्याकडेच बोट दाखवतील. घरात लहान मूल आहे, विसरलीस?"

विसरली कुठे होती! तेवढंच तर तिला आठवत होतं.

"गप्प बसायचं ठरलंय वाटतं," सासूबाई बाळाच्या कपाळावरची पट्टी बदलत म्हणाल्या.

"मी काय करू, आई? माझ्या बाळाचं कोण बघेल?"

"तिच्या बाळाचं कोण बघणार आहे?" सासूबाईंनी पट्टी पिळली. "अगं, मागच्या लढाईत मी टेलिफोन एक्स्चेंजला होते. चौकीला जोडून द्या म्हणणारे फोन माझ्याच हातून जायचे. त्यातून शत्रू सापडल्याचं काही माझ्या कानावर आलं नाही. शेजारी मात्र पुष्कळ सापडले. आणि फोन करणारी माणसं वाईट नव्हती बरं. घाबरलेली होती. तुझ्यासारखीच."

"पण आई, मी कुठे फोन करतेय?"

"तू खरं काय ते ठाऊक असून बसून राहणार आहेस. फोन करणाऱ्याला निदान ठाऊक तरी नसतं."

बाळाचा ताप उतरला, पण तिच्या घशाखाली घास उतरेना.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. पल्याडचीला कोणी बोलावलं नव्हतं, तरी ती आली होती. मुलीला कडेवर घेऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. तिच्या शेजारची जागा सगळ्यांनी मोकळी सोडली होती.

सेक्रेटरींनी घसा साफ केला. "कोणाला काही म्हणायचंय? नाही ना? मग ठरलं."

"मला म्हणायचंय!"

आपलाच आवाज ऐकून ती दचकली. मग पुढे होऊन तिने मूठ डोक्यावर ठेवली, कान ओढला, खुर्चीच्या पाठीवर दोन बोटं आपटली. "ह्याच खुणा ना, काका? हे हॉकीतलं आहे. कॉर्नरला चेंडू कुठे मारायचा, ते सांगतात. एक मुलगी आपल्या बाबांना टाटा करते, त्याला तुम्ही हेरगिरी म्हणताय!"

सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला. "आणि तुम्हाला बऱ्या ठाऊक या खुणा?"

"माझा नवरा रोज सरावाला हिच्या नवऱ्यासमोर गोलात उभा असतो!"

"म्हणजे तुम्ही दोघी... बरं. मग दोन्ही घरांचं कळवतो."

नवऱ्याने सांगितलं होतं अगदी तसंच! सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. कालपर्यंत बाळाला खेळवणारे डोळे आता तिला मोजत होते.

"दोन कशाला? माझं वेगळं कळवा," मागून सासूबाई म्हणाल्या. "मलाही कान ओढता येतो. तुमचा ओढून दाखवू का?"

कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. औषधवाले काका मात्र खुर्चीत पुढे वाकले होते. "मुलीच्या बापाला?" ते पुटपुटले. "माझा पोरगा सीमेवर निघाला तेव्हा मीही हात हलवत होतो हो... कोपऱ्यापर्यंत." त्यांनी तोंड झाकून घेतलं. "सेक्रेटरी, माझी तक्रार नाही. मला कोणावर तरी राग काढायचा होता."

सेक्रेटरी उठून निघून गेले. कुठे, ते कोणाला कळलं नाही.

नवऱ्याला तिने फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "कोच माझी सालटी काढेल. काढू दे. नव्या खुणा करू. तू दाराला कडी लाव."

सकाळी चौकीची गाडी आलीच. ती बाळाला घेऊन समोरच्या घरी धावली. पल्याडची मुलीला पोटाशी धरून दाराआड उभी होती. खाली कोणीतरी दरडावून विचारत होतं, "खुणा करणारी बाई कुठल्या मजल्यावर?"

दुकानातून औषधवाले काका बाहेर आले. मग तळमजल्यावरचे आजोबा आले. मग एकेक दार उघडलं.

"तसं इथे कोणी नाही, साहेब," काका म्हणाले. "हॉकीवाल्यांची कुटुंबं आहेत. आमचीच माणसं. हवं तर सगळ्यांना विचारा."

गाडी बराच वेळ तशीच घुरघुरत राहिली. मग निघाली आणि शेजारच्या इमारतीसमोर जाऊन थांबली.

वाचकहो, लढाई कधी संपेल ते आपल्या हाती नाही. पण संशय एखाद्या दाराशी येऊन उभा राहतो, तेव्हा आपल्याला जे खरं ठाऊक आहे ते मोठ्याने सांगणं आपल्या हाती नक्कीच आहे. ठाऊक असून गप्प बसणं हीसुद्धा खोटी साक्षच!

शेजारच्या इमारतीत वरच्या मजल्यावर कोणीतरी घाईघाईने खिडकी लावून घेतली. तिने बाळाला समोरच्या मैत्रिणीच्या कडेवर दिलं आणि पायात चपला सरकवून ती जिना उतरू लागली.

"वहिनी, तिकडे एकट्या जाऊ नका," खालून काका म्हणाले. "शटर ओढतो आणि आलोच."