बाहेरची भाकर

मार्टवाल्यांचा माणूस टेप घेऊन आला, तेव्हा जयमाला भट्टीपुढे उभी होती आणि तिथून हलायचा तिचा काडीचा विचार नव्हता. त्याने दार मोजलं, काउंटर मोजलं, फॅमिली रूमची काच मोजली आणि स्वयंपाकघराच्या तोंडाशी येऊन घुटमळला.

"काकू, जरा बाजूला होता का? ही मागची भिंत मोजायची हाय."

जयमालाने कढईतलं वाटण परतता परतता त्याला नीट न्याहाळलं. चाळिशीला आलेला, इस्त्रीचा शर्ट, सोन्याच्या चौकटीचा चष्मा. "मले धरून मोज," ती म्हणाली. "मी काही जाऊन नाही राह्यली."

त्याने भिंत अंदाजाने लिहून घेतली आणि बाहेर जाऊन तिच्या मुलाच्या, गोकुळच्या कानाशी लागला. आपल्या आईविषयी काय सांगितलं जात असेल, हे गोकुळला न ऐकताच कळलं असावं.

चिखलीतलं हे हॉटेल म्हणजे आठांतलं शेवटचं. एके काळी अमडापूर, मेहकर, खामगाव, मलकापूर, देऊळगाव राजा, बुलढाणा, इतकंच काय सोनाळ्यालासुद्धा 'तानुबाई फॅमिली रेस्टॉरंट'ची पाटी होती. सोनाळ्याला हॉटेल काढायचं तसं काही कारण नव्हतं, गोकुळची सासुरवाडी तिकडची एवढंच. गोकुळला तर नाव आणखी आखूड करून इंग्रजीत 'टी. बी.' असं लिहायचं होतं. हा एक आजार आहे हे पेंटरने सांगितलं, म्हणून आजीची अब्रू वाचली.

ही आजी म्हणजे तानुबाई, जयमालाची सासू. सदतीस वर्षांपूर्वी नवऱ्याच्या मागे तिने बाजार समितीसमोर चार बाकडी टाकली आणि फक्त पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्सा विकायला बसली. भाकर नाही, भात नाही, काही नाही. समोरच्या आवारात पहाटेपासून शेतकरी माल घेऊन यायचे, लिलावाला दुपार व्हायची, आणि प्रत्येकाच्या पिशवीत फडक्यात बांधलेली घरची भाकर असायची. कोरडी भाकर पाण्याच्या घोटाबरोबर गिळणारी ती माणसं पाहून तानुबाईने हिशेब मांडला. भाकर तुमची, रस्सा माझा. एकदा पैसे दिले की पुरे म्हणेपर्यंत वाढणार. रस्सा असा जाळ की खाणाऱ्याचं नाक वाहायचं आणि तरी तो वाटी पुढे करायचा.

जयमाला या घरात आली तीही फडक्यातूनच. अमडापूरचे तिचे वडील हरभरा घेऊन आले होते. त्यांनी फडकं सोडलं, आणि वाढता वाढता तानुबाईची नजर भाकरीवर पडली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, काठाला एक चीर नाही, पापुद्रा सुटलेला. "कोनं थापली हे?" "पोरीनं." "लगन झालं का तिचं?" नव्हतं झालं. पुढच्या वैशाखात झालं. पत्रिका नाही, पाहण्याचा कार्यक्रम नाही, नवरदेवाला, उत्तमरावांना तर कोणी विचारलंसुद्धा नाही. भाकर पाहून सून करणारी बाई साऱ्या जिल्ह्यात ही एकच असेल.

पुढे हॉटेलं वाढली ती या फडकेवाल्यांच्याच जिवावर. बाजाराच्या दिवशी ज्याने तीन वाट्या रस्सा ओरपला, तोच माणूस पोरीच्या साखरपुड्याला दोनशे पानांची पंगत सांगायचा. रविवारी बायकापोरांना जीपमध्ये घालून आणायचा आणि तेव्हा ऐटीत पनीरची भाजी मागवायचा. आपल्या तालुक्यात तानुबाईचं हॉटेल हवं म्हणून मेहकरच्या लोकांनी स्वतः जागा शोधून दिली होती. उत्तमराव नारळ फोडत फिरले आणि जयमाला प्रत्येक ठिकाणी पंधरा दिवस राहून बायकांना रस्सा शिकवत फिरली. हॉटेलं वाढत गेली त्या बारा वर्षांत ती कधी आजारीही पडली नाही, तेवढी सवड कोणाला होती?

मग गोकुळ शिकून आला. तानुबाई नुकतीच गेली होती. चिखलीच्या हॉटेलात काचेची फॅमिली रूम झाली, थंड हवेचं यंत्र आलं, मेनूकार्डं आली. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण एका गुरुवारी तिथे बँकेतल्या साहेबाच्या मुलीचा वाढदिवस होता, आणि शेजारच्या टेबलावर एका शेतकऱ्याने फडकं सोडलं, कांदा टेबलावर ठेवला आणि मूठ हाणून फोडला. साहेबीणबाई दचकल्या. कांद्याचा शिंतोडा केकवर उडाला म्हणे. "इथे काय कोणीही काहीही आणून खातं का?" असं म्हणून त्या मुलांना घेऊन उठून गेल्या.

जयमालाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं तर लाज वाटावी असं तिथे काय घडलं होतं? एका माणसाने भुकेच्या वेळी कांदा फोडला होता. पण लाज काही विचारून येत नाही. दुसऱ्या दिवशी तिने पेंटरला बोलावलं आणि पाटी करून घेतली. 'बाहेरील खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई.' महिनाभरात ती आठही हॉटेलांत लागली.

पुढच्या बाजाराला तिचे वडील आले. पाटी वाचली, दोनदा वाचली, आणि वळून समोरच्या शेडमध्ये जाऊन बसले. जयमाला धावत गेली. "बाबा, ते पाटी तुमच्यासाठी नाही."

"मंग कोनासाठी हाय?" वडिलांनी विचारलं.

त्यांनी शांतपणे कोरडी भाकर खाल्ली, वरून पाणी प्याले. त्यानंतर सहा वर्षं ते बाजाराला येत राहिले आणि लेकीच्या हॉटेलात त्यांनी पाय ठेवला नाही. गेले ते तसेच गेले. या गोष्टीचं जयमालाला इतकं दुःख होतं की कोणी विषय काढला तर ती चिडून भांडायलाच उठायची.

हॉटेलं एकेक करून बसली. गोकुळ म्हणायचा बायपास झाला, ढाबे वाढले, लॉकडाऊनने कंबरडं मोडलं. उत्तमराव म्हणायचे साडेसाती. बँकेतले साहेब तर दर महिन्याला नवं हॉटेल शोधणारे, ते कशाला टिकतात? आणि साखरपुड्याच्या पंगती सांगायला कोणी येईना. जयमालाला कारण पक्कं ठाऊक होतं, पण नऊ वर्षांत ते तिच्या तोंडून एकदाही निघालं नाही. ज्या बाईने आयुष्यात कोणाचं ऐकून घेतलं नाही, तिने स्वतःचं तरी कसं ऐकावं!

आणि आता हा टेपवाला. मार्टवाल्यांशी भाडेकरार तयार होता, फक्त सही हवी होती, आणि ती जयमालाचीच. जागा तानुबाई सुनेच्या नावाने करून गेली होती. "पोरगा इकून मोकळा होईन, सून नाही होनार," असं म्हणाली होती.

"आई, तीन वाजता वकील येऊन राह्यला," गोकुळ आत येऊन म्हणाला. आवाज मऊ होता. पोरगा वाईट नव्हता, थकला होता. "सही करून टाक. बसल्या जागी भाडं येईन. तुले बी आराम."

"मले आराम कोनं मागतला?"

"काल दिवसभरात किती गिऱ्हाईक आलं? तूच सांग. कोनासाठी भट्टी पेटवतं तू? गिऱ्हाईक हायच कुठं?"

जयमालाने गॅस बारीक केला. "कुठं हाय ते मले मालूम हाय," ती म्हणाली आणि भिंतीवरचं जाड लोखंडी उलथनं काढून दाराकडे निघाली.

पाटी दाराशेजारीच होती. रंग उडालेला, पण 'सक्त' हा शब्द अजून ठणठणीत. तिने उलथन्याचं टोक पाटीमागे घातलं आणि जोर लावला. खिळे चांगले खोल गेलेले. टेपवाला बघत राहिला, काउंटरमागे बसलेले उत्तमराव बघत राहिले, कोणी हात लावायला आलं नाही. भिंतीच्या गिलाव्याचा एक पोपडा घेऊनच पाटी खाली आली. जयमालाने ती भिंतीला टेकवली, पदराने घाम पुसला आणि रस्ता ओलांडला.

सोयाबीनचा हंगाम होता. शेडमध्ये पोत्यांच्या थप्प्या लागल्या होत्या आणि तीस-चाळीस माणसं पोत्यांना टेकून जेवायला बसली होती. कोणाची मिरची, कोणाची जवसाची चटणी, कोणाचं नुसतं मीठ. जयमाला मधोमध जाऊन उभी राहिली. हातात काही नव्हतं. रश्श्याची बादली आणली असती तर बोलणं सोपं गेलं असतं, पण सोपं करायला ती आलीच नव्हती.

"रामराम. मले वळखता ना?"

"वळखतो नं," पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा घास न थांबवता म्हणाला. "पाटीवाली बाई."

दोघे-तिघे हसले. आपलं या आवारात असं नाव पडलंय, हे जयमालाला नऊ वर्षं कळलं नव्हतं. ते तिला झोंबलं, चांगलंच झोंबलं. तरी ती हलली नाही.

"हाव. पाटी मीच लावली होती. माह्या पोरानं नाही, मी. चुकलं माहं. आता काढली. उद्यापासून भाकर घेऊन या आन् रस्सा खा, पयल्यासारखा."

म्हाताऱ्याने आता घास थांबवला. "धंदा बसला तवा आमची आठवन आली काय बाई?"

अख्खं शेड ऐकायला लागलं. जयमालाच्या मनात दहा उत्तरं आली. तुमचा विसर कधी पडला नाही, माझा बापही इथेच बसायचा, हे आणि ते. सगळी अर्धी खरी होती.

"हाव," ती म्हणाली. "बसला म्हनूनच आली. चालला असता त आली नसती."

कोणी हसलं नाही. "खरं त बोलली," म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला. मग तिला म्हणाला, "असं कर, वाटीभर इथंच आनून दे. पाहू."

"नाही."

"काऊन?"

"आतमधी या. खुर्चीवर बसा, फडकं टेबलावर सोडा. बाहीर बसून खाल्लं तेवढं लय झालं."

म्हाताऱ्याने उरलेली भाकर फडक्यात गुंडाळली, गाठ मारली आणि पिशवीत ठेवली. "आमचं झालं बाई आज," तो म्हणाला. कोणीच उठलं नाही. जयमाला आणखी थोडा वेळ उभी राहिली, मग आली तशी परत गेली.

हॉटेलात वकील आला होता. कागद टेबलावर मांडले होते, पेन उघडून ठेवलं होतं. गोकुळने रस्त्याकडे, तिच्या मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"आलं कोनी?"

"नाही."

"मंग कर सही."

"नाही करत."

"आई, आता अजून काय पाह्यचं राह्यलं? तू गेली, बोलली, नाही आले ते. झालं ना?"

"उद्या जाईन."

"आन् उद्या बी नाही आले त?"

"परवा जाईन. नऊ वर्षं त्याईले मी बाहीर बसोलं. नऊ वर्षं मी रोज जाईन. तवर हे दुकान कोनाले भेटत नाही. त्या चष्मेवाल्याले सांग, तेवढी वाट पाह्यची असन त पाह्य म्हना."

वकिलाने गोकुळकडे पाहिलं, गोकुळने बापाकडे. उत्तमराव काउंटरमागून उठले. या घरात ते फार बोलत नसत. आधी आईने बोलू दिलं नाही आणि मग बायकोने. त्यांनी टेबलावरच्या पेनाला टोपण लावलं आणि ते वकिलाच्या खिशात नीट अडकवून दिलं.

"किती वाजता जातं उद्या?" त्यांनी जयमालाला विचारलं.

"जेवनाच्या टायमाले. काऊन?"

"मीबी येतो. पाटी तू सांगतली, पन खिळे मीच ठोकले होते."

जयमालाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिला रडायचं नव्हतं आणि ती रडली नाही. भट्टीकडे वळून तिने गॅस मोठा केला.

"या," ती म्हणाली. "पन बोलीन मीच."