सतरा नंबरचा प्लॉट

बाळ झोपलं की अपूर्वाला जेमतेम पाऊण तास मिळे. त्या पाऊण तासांत, चार दिवस मिळून, तिने ग्रामपंचायतीसाठी हरकतीचा अर्ज लिहिला. घरामागच्या सड्यावर, त्या उंच कातळी माळावर, बत्तीस प्लॉट पडणार होते, दीड-दीड गुंठ्याचे. बत्तीस घरांचे शोषखड्डे, आणि खाली उतारावर सगळ्या वाडीची बावडी. जांभ्या दगडातून घाण पाणी झिरपायला कितीसा वेळ? तिने मागणी केली, प्लॉट पाच गुंठ्यांपेक्षा लहान नकोत. इथपर्यंत ठीक होतं. पण हात थांबला नाही. 'दीड गुंठ्यात कोणत्या थरातली माणसं येतील हे वेगळं सांगायला नको,' हेही लिहून गेली.

सह्या कमी पडत होत्या. बाळाला न्हाऊ घालायला रोज येणाऱ्या सोनूबाईंपुढे तिने कागद धरला.

"कसला ओ वयनी?"

"बावडीचं पाणी राखायचंय, त्याचा."

"मग करतंय की," म्हणत सोनूबाईंनी एकेक अक्षर जुळवत सही केली.

ग्रामसभेत ग्रामसेवकांनी अर्ज मोठ्याने वाचला, ते वाक्यही. मग सह्यांची नावं. सोनूबाईंचं नाव आलं तसे सरपंच हसले.

"काय गो सोनूबाय, सतरा नंबर तुझ्याच लवूनं घेतलान ना? पाच गुंठे झाले तर तुमचा पत्ताच कट. सही केलीस ती वाचून की अशीच?"

सभा खो खो हसली. पाय पसरायला जागा नसलेल्या भावकीच्या घरातून निघायचं म्हणून सोनूबाईंचा मुलगा लवू मुंबईत डबल ड्यूटी करतो, हे अपूर्वाला माहीत होतं. प्लॉटचं माहीत नव्हतं. तिने विचारलंच कुठे होतं?

सोनूबाई पदर सावरत उठल्या. "वाचून केली. मना कोणी फसवलान नाय."

अपूर्वाने तेव्हा उठायला हवं होतं. ती मांडीवरच्या बाळाचं टोपरं नीट करत बसली. टोपरं नीटच होतं.

दुसऱ्या दिवशी सोनूबाई वेळेवर आल्या. बाळाला पायांवर घेतलं, पाठ चोळली, नेहमीसारखं लाडाने बोलल्या, फक्त बाळाशी.

"सोनूबाई, तो अर्ज मी मागे घेते," अपूर्वा म्हणाली. "चुकलंच माझं."

"आनि बावडीचा काय?" त्यांनी मान वर केली नाही. "पानी मनापन लागतला. खड्डे बावडीकडं नको, सगळ्यांचा मिळून एकच बांधा, पलीकडच्या अंगाला. ता लिवा. घरं होऊदेत."

अपूर्वाने तिथेच फरशीवर बसून नवा अर्ज लिहिला. बाळ दुपट्यात गुंडाळून झालं तेव्हा तिने कागद पुढे केला. सोनूबाईंनी तो घेतला नाही.

"वाचा."

तिने वाचला.

"परत वाचा, वयनी. हळू."

तिने पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. मान वर करायचा धीर तिला झाला नाही.