दात बघायचा दिवा

माझी आत्या दात बनवते. स्वतःचे नाही, लोकांचे. कुणाचा पुढचा दात तुटला की दातांचे डॉक्टर माप घेतात, शेजारच्या दाताचा रंग बघून एक नंबर लिहितात आणि ते सगळं आमच्या घराच्या मागच्या खोलीत येतं. मग आत्या सिरॅमिकची पूड कालवते, बारीक ब्रशने थरावर थर चढवते, भट्टीत भाजते आणि शेड-पट्टीशी ताडून बघते. शेड-पट्टी म्हणजे नमुन्याच्या दातांची एक रांग, पांढऱ्यापासून पिवळट-करड्यापर्यंत. लहानपणी मला ती पट्टी म्हणजे कुणीतरी हसताना विसरून गेलेलं तोंड वाटायची. आता मी नववीत आहे, वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले आहे, आणि तेव्हापासून घरात कुणाला बोलायला मिळत नाही अशी तक्रार आहे. आत्या मला टिटवी म्हणते. म्हणू दे बापडी.

तर या आत्याचे दात परत यायला लागले. एक आला, चिठ्ठीसकट: रंग जुळत नाही. तिने पुन्हा केला, तोही परत. मग दुसऱ्या दवाखान्यातून एक आला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आत्याने आधी पुडीला दोष दिला, मग भट्टीला, आणि शेवटी डोळ्यांना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की नजर उत्तम आहे. झालं, त्याने तर ती आणखीच खचली. डोळे चांगले आणि तरी रंग कळत नाही, म्हणजे माझी पारखच गेली, असं म्हणाली. आमच्या घरी कुणी असं हळू आवाजात बोललं की समजायचं, प्रकरण गंभीर आहे.

मग तिने भट्टी विकायला काढली. गिऱ्हाईक शनिवारी येणार होतं. बाबांनी खूप समजावलं, पण आत्या म्हणाली, दादा, लोकांच्या तोंडात चुकीचा दात बसवण्यापेक्षा मी घरी बसेन. यावर बाबांनी माघार घेतली. बाबा तसेही त्या दिवसांत जरा जास्त समजूतदार वागत होते. कारण त्यांनीच नुकतंच आत्याच्या खोलीचं छत नवं करून दिलं होतं, जुन्या ट्यूब काढून छान मऊ, सोनेरी एलईडी बसवले होते, आणि इतकी सुंदर खोली सोडून बहीण उठून चालली याचं त्यांना वाईट वाटत होतं. खोली खरंच सुंदर झाली होती. येणारा-जाणारा म्हणायचा, अगदी हॉटेलात बसल्यासारखं वाटतं.

शुक्रवारी शाळेतून आले तर आत्याने शेड-पट्टी माझ्या हातात दिली, पुसून डबीत भर म्हणाली. ती पण भट्टीबरोबर जाणार होती. मला इतकं रडू आलं की मी मागच्या पायरीवर जाऊन बसले. परत आलेला एक दात मी तसाच उचलून आणला होता, आठवण म्हणून ठेवायला. सहज पट्टीतल्या त्याच नंबराच्या दाताशेजारी धरला.

पट्टीतला दात दुधात चहाचा थेंब पडावा तसा. आणि आत्याचा? मक्याचा दाणा.

मी आत धावले. आत्याच्या टेबलावर दोन्ही ठेवले. जुळे भाऊ. बाहेर पायरीवर नेले, एकमेकांना ओळखही दाखवेनात. आत जुळे, बाहेर अनोळखी. माझी ही पळापळ बघून बाबांनी विचारलं, काय गं, कुत्रं मागे लागलंय का. मी त्यांना पायरीवर खेचलं आणि दाखवलं. त्यांनी दात बघितले, मग खोलीच्या छताकडे बघितलं, आणि स्वतःच्या डोक्यावर हात मारून घेतला. त्या मागच्या खोलीला खिडकी नाही. पिवळ्या उजेडात सगळंच पिवळं, मग कुठला दात किती पिवळा हे आत्याला दिसणार कसं?

त्याच संध्याकाळी दिव्यांच्या दुकानात गेल्यावर कळलं की प्रत्येक खोक्यावर उजेडाच्या रंगाचा एक आकडा असतो. आमचा सोनेरी सत्तावीसशेचा होता, आणि आकडा वाढेल तसा उजेड थंड, निळसर होत जातो. दुकानदारकाकांनी विचारलं, हॉलसाठी की किचनसाठी? मी म्हटलं, दातांसाठी. त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट निरखून बघितलं. बाबा लगेच पंख्यांकडे वळले, जणू ही मुलगी त्यांची नव्हेच.

मी खिशातून आत्याचा दात आणि पट्टीतून सोडवून आणलेला नमुन्याचा दात काढून काउंटरवर ठेवले आणि काकांना एकेक दिवा लावायला सांगितला. सत्तावीसशे, जुळे. चार हजार, थोडी भांडणं. साडेसहा हजारात दोन्ही खडूसारखे निळे-पांढरे. काका म्हणाले, हा घे ताई, सगळ्यात स्वच्छ उजेड. मी म्हटलं, मला स्वच्छ नकोय, मला चूक दाखवणारा दिवा हवाय. हे मला त्या क्षणी सुचलं आणि बाबा पंख्यांकडून परत आले. पाच हजार आकड्याचे दोन होते. पहिल्यात काही खास नाही. दुसऱ्याच्या खोक्यावर लिहिलं होतं की यात रंग जवळजवळ खरे दिसतात. तो लावला मात्र, मक्याचा दाणा उघडा पडला. अगदी पायरीवरच्यासारखा.

घरी बाबांनी स्टुलावर चढून दिवे बदलले. आत्या पाठ फिरवून बसली होती. मला आता दात दाखवू नका, म्हणाली. खोली एकदम दवाखान्यासारखी झाली, सौंदर्य सगळं गेलं. मी दात आणि पट्टी तिच्यापुढे सरकवली. नाइलाजाने तिने बघितलं. मग उचलून जवळ धरलं.

"हा मी पाठवला?"

मी मान हलवली.

"शी. काय हा रंग. हिरडीपाशी हळद सांडल्यासारखा, आणि धार तर पार मेलेली." ती उलटसुलट करून बघत राहिली आणि एकदम स्टुलाकडे वळली. "दादा, मला दिसतंय रे."

बाबा स्टुलावरच उभे राहून नाक ओढत होते. सर्दी झालीय म्हणाले. आपल्याच दाताला इतक्या आनंदाने नावं ठेवणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं.

शनिवारी गिऱ्हाईक आलं तेव्हा भट्टी तापलेली होती. आत्याने त्याला पाणी दिलं, माफी मागितली आणि वाटेला लावलं. सोमवारी नवा दात मीच शाळेत जाता जाता दवाखान्यात पोचवला आणि दिवसभर वर्गात माझं चित्त नव्हतं. घरी आले तेव्हा बाबा दारातच होते. डॉक्टरांचा फोन येऊन गेला होता. त्यांनी पेशंटला खिडकीपाशी उभं करून बघितलं, दात बसवला, आणि आणखी तिघांची मापं पाठवतो म्हणाले.

मी आत्याला मिठी मारायला आत धावले. ती खुर्चीतच झोपली होती, मान एका बाजूला, तोंड उघडं, हातात ब्रश तसाच. किती दिवसांत तिला नीट झोप नव्हती. बाबांनी मागून येऊन तो ब्रश तिच्या बोटांतून अलगद सोडवला आणि पाण्याच्या भांड्यात ठेवला.