दिवस मावळायच्या आत

स्नेहल मगदूमला माणूस हवं होतं ते रीतसर शिकलेलं, नोंदणी असलेलं आणि मगदुमांच्या घराची काहीही माहिती नसलेलं. असं माणूस कोल्हापुरात शोधता शोधता तिचा अख्खा पावसाळा गेला.

त्याआधी वर्षभर तिला एक त्रास होता. स्कूटर चालवता चालवता ताराराणी चौकात श्वास अडकायचा, हातांना मुंग्या यायच्या आणि आता आपण इथंच कोसळणार असं वाटायचं. हृदयाच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. फॅमिली डॉक्टरांनी सरळ सांगितलं, हे मनाचं आहे, चांगल्या सायकॉलॉजिस्टला दाखव. घरी येऊन तिनं ते तसंच्या तसं सांगितलं, कारण लपवाछपवीचा तिला कंटाळा होता.

"मनाला काय हुतंय?" आण्णा म्हणाले. तिच्या वडिलांचा गुळाचा व्यापार होता आणि जी वस्तू हातात घेऊन फोडून बघता येत नाही तिच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "जेवणाच्या येळा पाळ. रात्रीचं खातीस, म्हणून हुतंय सगळं."

आईनं बाहुबलीच्या जैन क्षेत्री जाऊन येऊ म्हटलं. शेजारच्या झुंबरबाईंनी नृसिंहवाडीची पालखी सुचवली. स्नेहल म्हणाली, "मला डॉक्टरकडं जायचंय, देवाकडं नाही," आणि ताट आपटून उठली.

पहिल्या समुपदेशकाच्या भिंतीवर पंधरा दिवसांच्या कोर्सचं प्रमाणपत्र होतं. त्यानं तिला डोळे मिटायला लावले आणि उघडल्यावर पत्रिका मागितली. दुसऱ्या बाई राजारामपुरीत बसायच्या. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "कुणाची ग तू? शाहूपुरीतल्या मगदुमांची? अगं, तुझ्या आईची, चंदनाची आणि माझी भिशी एकत्र होती की." त्या दिवशी स्नेहल घरी पोचायच्या आधी आईला सगळं कळलेलं होतं. 'कुणाची ग तू' या प्रश्नाचा तिला लहानपणापासून राग होता. या गावात माणूस भेटत नाही, माणसाचं आडनाव भेटतं, असं ती मैत्रिणींना सांगायची. मग तिनं स्वतः बसून वाचलं की पुनर्वसन परिषदेकडं नोंदणी असल्याशिवाय कुणालाही स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घेता येत नाही, आणि त्यानंतर ती फोनवर नमस्काराच्या आधी नोंदणी क्रमांक विचारू लागली. बऱ्याच जणांनी फोन ठेवले.

मधुवंती इनामदारांनी ठेवला नाही. त्यांनी क्रमांक सांगितला, वर "तपासून बघा आणि मग या," असंही म्हणाल्या. त्या मूळच्या नागपूरच्या, नवऱ्याच्या बदलीमुळं इकडं आलेल्या. कळंब्याच्या रस्त्यावर एका घराच्या वरच्या मजल्यावर त्यांची खोली होती. खिडकीतून तलावाचा एक तुकडा दिसायचा. खोलीत तीन खुर्च्या होत्या. एक त्यांची, एक येणाऱ्याची आणि एक अशीच. त्यांनी कुणाची म्हणून विचारलं नाही. नाव काय, झोप कशी आहे आणि इथं का यावंसं वाटलं, एवढंच विचारलं. दर गुरुवारी ऑफिसातून लवकर निघून यायचं ठरलं.

स्नेहलनं सगळं सांगितलं. ती एका आर्किटेक्टकडं नोकरीला होती, पण तिला अहमदाबादला जाऊन नगररचना शिकायची होती, आणि घरी सांगलीचं एक स्थळ महिनोन्‌महिने मांडून ठेवलं होतं. घरात सगळे दिवस मावळायच्या आत जेवायचे, पिढ्यान्‌पिढ्या. तिला ते जमायचं नाही. ती अंधार पडल्यावर घरी यायची, स्वतः गॅस पेटवून आमटी गरम करायची, आणि आई स्वयंपाकघराच्या दारात काही न बोलता उभी राहायची. जेवणाच्या टेबलाला चार खुर्च्या होत्या. आण्णांची, आईची, तिची, आणि चौथी आल्या-गेल्या पाहुण्याची. पाहुण्याची खुर्ची रिकामी राहिली तर चालायचं. तिची रिकामी दिसली की आण्णांचा घास अडायचा, असं ते तिला रोज ऐकवायचे.

"तुमच्यावर ते नेमके कशासाठी रागावलेत?" मधुवंतींनी विचारलं.

"त्यांना दुसरी मुलगी पाहिजे होती. वेळेवर जेवणारी. हो म्हणणारी."

मधुवंतींनी उठून ती तिसरी खुर्ची स्नेहलच्या समोर आणून ठेवली. "त्या दुसऱ्या मुलीला इथं बसवा," त्या म्हणाल्या. "आणि जे म्हणायचं ते तिला म्हणा. खुर्चीतलं माणूस उलट बोलत नाही, म्हणून आपल्याला बोलता येतं. ही जुनी पद्धत आहे. फक्त शेवटी एक करायचं. तिला स्पष्ट सांगायचं, आता जा. तसं सांगितल्याशिवाय उठायचं नाही."

पहिले काही क्षण स्नेहलला हसू येत होतं. मग तिला ती दिसली, म्हणजे दिसली असं नाही, पण कशी बसली असेल ते कळलं. गुडघे जुळवून, तेल लावलेल्या केसांची एक वेणी पुढं घेऊन, चेहऱ्यावर ती समजूतदार शांतता जी स्नेहलला कुठल्याच लग्नात आणता आली नव्हती. मग स्नेहल जे बोलत सुटली ते थांबेचना. ती रडली, ओरडली, एकदा उठून उभी राहिली. शेवटी तिचे खांदे खाली आले आणि वर्षभरात पहिल्यांदा तिचा श्वास पोटापर्यंत गेला.

"आता तिला जायला सांगा."

स्नेहलनं तोंड उघडलं, पण ते वाक्य येईना. घरी आलेल्या माणसाला कोरडं 'जा' म्हणणं तिच्या घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं. वीज मंडळाच्या माणसालासुद्धा आई जेवून जावा म्हणायची. आणि मनातला राग असा निवल्यावर समोरच्या त्या मुकाट पोरीची तिला थोडी कीवच आली. "जा, घरी जा," ती नाक पुसत म्हणाली. "दिवस आहे अजून. माझ्या ताटात जेवून घे. ते खूश होतील." आणि ती हसली.

मधुवंती हसल्या नाहीत. "पुढच्या वेळी नुसतं जा म्हणा," त्या म्हणाल्या, आणि खुर्ची भिंतीला लावली.

स्नेहल शाहूपुरीत पोचली तेव्हा अंधार पडला होता. तिनं गॅस पेटवायला लायटर हातात घेतला तर आई बाहेरून म्हणाली, "आता आणि काय खातीस? मगाशी जेवलीस की."

"आई, टोमणे मारू नकोस."

"टोमणा कशाला मारू? दोन भाकरी खाल्लीस. बरं वाटलं बघ." आईचा आवाज खरंच मऊ होता. "आज गेली न्हाईस त्या बाईकडं, ते बरं केलंस."

स्नेहलनं मांडणीकडं बघितलं. तिचं नाव कोरलेलं ताट धुऊन उभं केलेलं होतं आणि त्याच्या काठावरून पाणी ठिबकत होतं. ही आईची नवी तऱ्हा, तिच्या मनात आलं. अबोला जमला नाही म्हणून आता हे. ती चिडून न जेवता झोपली. पण झोप गाढ लागली, आणि दुसऱ्या दिवशी ताराराणी चौक तिनं गाणं गुणगुणत ओलांडला.

पुढच्या आठवड्यांत त्रास जवळजवळ गेला, म्हणून ती खुर्ची परत समोर आली नाही. मधुवंतींना समाधान वाटत होतं. स्नेहललाही वाटलं असतं, पण घरात काहीतरी तिच्या पायाखालून सरकत होतं. आण्णा तिच्याशी कालचं बोलणं पुढं चालू ठेवायचे आणि ते कालचं बोलणं तिला माहीत नसायचं. "सांगलीकरांचं तू म्हणालीस तसं करूया," असं ते एका सकाळी म्हणाले. ती काय म्हणाली होती असं विचारल्यावर त्यांनी तिच्याकडं जरा वेळ बघितलं आणि पेपर वर धरला. तिच्या उशीला खोबरेल तेलाचा वास यायला लागला. ती तेल लावत नसे. गुरुवारी घडायचं ते मग तिला ऑफिसात उशीर होईल त्या कुठल्याही दिवशी घडू लागलं, आणि दरवेळी मांडणीवर तिचं ताट ओलं असायचं.

पन्हाळ्याला एका बंगल्याची साइट बघायला ती दिवसभर गेली होती. संध्याकाळी परत आली तर दिवाणखान्यात चहाचे वापरलेले कप, फरसाणाच्या बशा आणि नव्या साडीची घडी. आई डोळे पुसत होती.

"कोण आलं होतं?"

"असं का विचारतीस, येड्यागत?" आई म्हणाली. "सांगलीची माणसं पसंती सांगून गेली तुझ्याम्होरं. सुपारी फोडायचा दिवस तूच काढलास की." आणि तिनं फोन पुढं केला. फोटोत आण्णा होते, आई होती, आणि मधे मोरपंखी साडीत स्नेहल होती. वेणी पुढं घेतलेली. गुडघे जुळवून बसलेली.

स्नेहलनं फोन परत दिला. आईवर ओरडावं असं तिला वाटलं, पण आईच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांत न दिसलेलं सुख होतं, आणि त्या सुखाला कुठून धरून हलवायचं ते तिला कळेना. आपण खोलीतून निघून गेलो तरी ते तसंच राहील, एवढं मात्र तिला स्वच्छ कळलं.

गुरुवारी तिनं मधुवंतींना सगळं सांगितलं, न रडता, क्रमानं. मधुवंतींनी तिच्या झोपेबद्दल विचारलं, कामाबद्दल, दिवसाचे काही तास आठवत नाहीत असं होतं का ते विचारलं. तसं होत नव्हतं. पन्हाळ्याच्या ठेकेदाराचे दिवसभराचे फोन होते, मातीनं भरलेले बूट होते.

"आपण तिला परत बोलावू," त्या म्हणाल्या. "आणि या वेळी नीट निरोप देऊ."

खुर्ची समोर आली. स्नेहल तिच्याकडं बघत बसली. खिडकीतल्या तलावाच्या तुकड्यावर ऊन पिवळं होत चाललं होतं.

"काय दिसतंय?"

"काही नाही. रिकामी आहे."

"ती तशीच असते, स्नेहल. आधीही रिकामीच होती."

"नव्हती," स्नेहल म्हणाली. "आधी ती इथं होती."

स्नेहलनं खिडकीतून ऊन कुठवर आलंय ते बघितलं आणि पर्स उचलली. या वेळी घरी पानं वाढत असतील. मधुवंती मागून काहीतरी म्हणाल्या, ते तिनं जिन्यात ऐकलं आणि सोडून दिलं. स्कूटर तिनं कधी नव्हे इतकी जोरात हाणली. तिचा श्वास कुठंही अडकला नाही. हातांना मुंग्या आल्या नाहीत. घरात घुसायचं, त्या पोरीला वेणीला धरून उठवायचं आणि दाराबाहेर काढायचं, आईसमोर, आण्णांसमोर, मग त्यांना काय वाटायचं ते वाटू दे. आपल्या घरात आपल्या खुर्चीवर बसायला कुणाच्या परवानगीची गरज नव्हती.

शाहूपुरीत ती पोचली तेव्हा समोरच्या गच्चीवर ऊन अजून रेंगाळत होतं. दार सताड उघडं होतं. पायरीवर आण्णांच्या चपला, आईच्या चपला आणि तिच्या चपला होत्या. तिनं स्वतःच्या पायांकडं बघितलं. पायांत बूट होते. आतून आण्णांच्या हसण्याचा आवाज आला. जेवताना आण्णा हसतात हे तिला माहीत नव्हतं.

तिनं बूट काढले नाहीत. ती तशीच आत गेली आणि जेवणाच्या टेबलासमोर उभी राहिली.

तिघांनी वर बघितलं. आण्णांचा हात घासासकट थांबला. तिच्या खुर्चीवरच्या मुलीनं पुढं आलेली वेणी मागं टाकली आणि परत खाली बघितलं, जसं मोठ्यांसमोर बघावं तसं. आई पदराला हात पुसत उठली. स्नेहलच्या अगदी जवळ येऊन तिनं तिच्या चेहऱ्याकडं निरखून बघितलं, आणि तिच्या नजरेत राग नव्हता, भीती नव्हती, आलं-गेलं माणूस बघताना असते ती माया होती.

"कुणाची ग तू, बाळ?" आई म्हणाली.

स्नेहलनं टेबलाची कड धरली.

"लई दमलेली दिसतीस. असू दे, मागनं सांग." आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि चौथी खुर्ची ओढली. "बस हितं. दिवस हाय अजून. जेवून जा."

तो हात स्नेहलला ओळखीचा होता. पाठीच्या कण्यावर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, ती तापानं फणफणायची तेव्हा तो तिथंच ठेवलेला असायचा. ती बसली. आईनं पाहुण्यांचं, नाव नसलेलं ताट तिच्यासमोर मांडलं, भाकरी वाढली, आमटीची वाटी ठेवली. आण्णांनी मान हलवून घे, घे म्हटलं. स्नेहलनं तोंड उघडलं. घसा कोरडा नव्हता, श्वास मोकळा होता, आणि तरीही आवाज आला नाही.

"बोलत न्हाई ग ही," आई हळूच म्हणाली. "काय झालं असंल बिचारीला."

"असू दे, आई," समोरची मुलगी म्हणाली. तिनं चटणीचं भांडं स्नेहलच्या बाजूला सरकवलं आणि पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत बघितलं, समजूतदारपणे. "सावकाश जेवू दे तिला. जेवण झालं की मी तिला जा म्हणून सांगते."